कुठल्या देवाचा उपवास

“उपवासाला बसवलेल्या माणसाचं वजन वाढतंच कसं? सांग! मला सांग, वाढतं कसं?”

मोठ्या मॅडम ओरडत होत्या. त्या ओरडायला कन्नडमध्ये सुरुवात करायच्या, मध्येच इंग्रजीत शिरायच्या आणि दोन्ही भाषा अपुऱ्या पडल्या की नुसता एक हुंकार सोडायच्या. त्या हुंकारानं एकदा आमच्या फाटकाबाहेर थांबलेली बस प्रवासी न घेताच बनशंकरीकडे पळाली होती. खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण बस पळाली होती.

वजनकाट्यावर माझा पेशंट उभा होता. बनशंकरीत राहणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांचं पोट आधी खोलीत यायचं, आणि आपण पोटाशी दोन शब्द बोलून होईपर्यंत मागून ते स्वतः यायचे. गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते, म्हणून मुलीनं आमच्याकडे आणून दाखल केलेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचे. काट्यावरच्या आकड्याकडे अण्णा नातवाच्या मार्कांकडे बघावं तसे बघत होते. वाढलेत, म्हणजे चांगलंच झालं की.

“मॅडम, काटा बिघडला असेल,” मी म्हणाले.

मॅडमनी अण्णांना खाली उतरवलं आणि स्वतः चढल्या. मॅडम इतक्या बारीक की आपल्यावर कुणीतरी उभं आहे हे काट्याला कळायलाच जरा वेळ लागला. पण कळल्यावर त्यानं बरोबर आकडा दाखवला. काटा निर्दोष सुटला. उरलो आम्ही दोघं.

“शनिवारी ही केस तुला सगळ्यांपुढे मांडायची आहे,” मॅडम आता हळू आवाजात बोलल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “बाहेरून सीनिअर डॉक्टर येणार आहेत. विषय उपवास-चिकित्सा, आणि पेशंट जाड होतोय. शनिवारपर्यंत हे सुधारलं नाही तर तुझं पोस्टिंग परत. पहिल्या दिवसापासून.”

त्या गेल्या. अण्णा चपला शोधत म्हणाले, “एवढं ओरडायला काय झालं गे? स्वल्पच वाढलंय की.”

पोस्टिंग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझा जीव का अर्धा झाला ते कळायचं नाही. निसर्गोपचार आणि योग यांचा डॉक्टरकीचा कोर्स मी बेंगळुरूत केला. साडेपाच वर्षांचा. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कॉलेजच्याच आवारात रुग्णालय, त्यात एकेका विभागात काही आठवडे राबायचं, तिथल्या प्रमुखांनी मान डोलावली की पुढच्या विभागात. उपवासाचा विभाग माझा शेवटचा होता. मॅडमनी मान डोलावली की मी डॉक्टर. नाही डोलावली की पुन्हा ते सगळे आठवडे, पुन्हा ती पहाटेची घंटा.

खरं सांगायचं तर डॉक्टर व्हायचं होतं हे मी तोवर विसरले होते. मला झोपायचं होतं. पाच वर्षं आम्ही सूर्यनमस्कार घालायला उठायचो तेव्हा सूर्य स्वतः पांघरुणात असायचा. आम्ही बारा नमस्कार घालून त्याला उठवायचो, मग तो डोळे चोळत यायचा आणि श्रेय घ्यायचा. नंतर आसनं, मग प्राणायाम, मग आठवड्यातून एकदा कुंजल. कुंजल म्हणजे मिठाचं कोमट पाणी गळ्यापर्यंत प्यायचं आणि बोटं घालून ते परत काढायचं. सगळा वर्ग एका ओळीत गटारावर वाकलेला. त्या गटाराकाठी एक नारळाचं झाड होतं, आमच्या बॅचला चौथं वर्ष लागेस्तोवर त्याच्या शहाळ्यात खारट पाणी यायला लागलं. एवढं झाल्यावर शरीररचनाशास्त्राचा तास. तिथे बसल्या बसल्या झोपायला मी शिकले, डोळे उघडे ठेवून, मान अधूनमधून हलवत. शवासनात तर मी अख्ख्या राज्यात पहिली आले असते, पण परीक्षकांनी घोरल्याचे मार्क कापले.

एनिमाच्या विभागात माझं पोस्टिंग मुद्दाम लांबवलं होतं, कारण माझा हात हलका. इलेक्ट्रॉनिक सिटीतले निम्मे इंजिनिअर माझ्या हाताखालून गेलेत. उद्या तिथल्या उड्डाणपुलावर माझ्यासमोर आले तर चेहऱ्यानं मी एकालाही ओळखणार नाही.

आणि एवढं करून घरी, निपाणीला, गेलं की मामा विचारणार, “म्हणजे तू खरी डॉक्टर न्हवंस?” शेजारच्या काकू म्हणणार, “योग शिकतीस न्हवं? मग उलटी उभी राहून दाखव बघू.” लग्नाच्या मांडवात, भरजरी साडीत, मला तीनदा शीर्षासन करायला सांगण्यात आलं आहे. माझी पहिली रूममेट दुसऱ्या वर्षातच कोर्स सोडून गेली. ती आता कोरमंगलात रंगीत दिव्यांच्या एका हॉलमध्ये गाणी लावून योग शिकवते. नऊला उठते. मला फोन करून सांगते, “अगं, मी इतकी दमलेय ना.” मी काही बोलत नाही. बोलायला उठून बसावं लागतं.

तर अण्णा माझ्याकडे आले ते आडनावामुळे. रुग्णालयात कन्नड बोलणारे होते, मल्याळी होते, हिंदी बोलणारे होते, मराठी मी एकटी. कुठलाही पेशंट आडनावानं मराठी वाटला की माझ्या अंगावर. अण्णांचं कन्नड मॅडमपेक्षा चांगलं होतं, त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या मुलखात आलेले. मी बसनं आले होते, घोड्याची सर बसला नाही. पण घराबाहेर मराठी ऐकणारं माणूस सापडलं म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी दुसऱ्या कुठल्याही भाषेत बोलायचं साफ नाकारलं. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं होतं. “मी पेपर वाचलो, कॉफी पिलो, तुझी वाट बघितलो.” आमच्या सीमाभागातही असंच बोलतात, मी फक्त पुण्याच्या लोकांसमोर लपवते.

दाखल झाले त्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, तुझ्या भाषेत नीट समजावून सांग, उद्यापासून उपवास. मी नीट समजावून सांगितलं. “अण्णा, उद्यापासून उपवास.”

“सरी,” अण्णा म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे.

मी बघतच राहिले. उपवास म्हटल्यावर लोक रडतात. एका इन्स्पेक्टरनं माझ्या हातावर डोकं ठेवून बिस्किटासाठी विनवण्या केल्या होत्या. आणि हे नुसतं “सरी” म्हणाले, वर मलाच धीर दिला. “आमच्या घरी सवय आहे गे उपवासाची. तू काळजी करू नको.”

मी काळजी केली नाही.

त्या सोमवारी मॅडम ओरडून गेल्यावर दुपारी, भेटीच्या वेळेला, मी अण्णांच्या खोलीत शिरले. अण्णांच्या पत्नी आलेल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. रोज दुपारी त्या एक मोठी कापडी पिशवी घेऊन यायच्या. फाटकावर पाटी होती, बाहेरचं जेवण आणू नये. रखवालदारानं पहिल्या दिवशी पिशवी अडवली तेव्हा अक्कांनी त्याला सांगितलं होतं, “हे जेवण नव्हे, उपवासाचं आहे.” त्यानं हात जोडून फाटक उघडलं होतं आणि तेव्हापासून तो रोज हात जोडत होता.

खाटेवर डबे मांडलेले होते. सब्बक्कीची खिचडी. बेंगळुरूत साबुदाण्याला सब्बक्की म्हणतात, पण नाव बदलून त्याचं तूप कमी होत नाही. रताळ्याच्या पाकातल्या चकत्या, त्या अशा चकचकीत की खिडकीतलं ऊन त्यांच्यावरून माझ्या डोळ्यांत आलं. दाण्याचे लाडू. दही. वेलची केळ्यांचा घड, वरून भूक लागली तर.

“अण्णा, हे काय?”

“उपवास,” अण्णा म्हणाले. तोंड भरलेलं होतं.

“अहो, उपवास सांगितलाय ना तुम्हाला!”

“मग? मोडलोय काय मी? भात खाल्लो नाही. चपाती खाल्लो नाही. कांद्याचा वास घेतलो नाही. विचार हिला.”

“मीठसुद्धा सैंधव घातलंय,” अक्का म्हणाल्या. “एक दाणा धान्याचा नाही त्यात. शपथ सांगते.”

मी खाली बसले, जमिनीवरच. पाच वर्षं उपवासावरचे धडे पाठ केले होते. कुणाला करवावा, कुणाला करवू नये, किती दिवस, सोडायचा कसा, नाडी कधी बघायची. एकाही धड्यात हे नव्हतं, कारण ते धडे मराठी माणसानं लिहिलेले नव्हते. आमच्याही घरी उपवासाच्या दिवशी शेगडी इतर दिवसांपेक्षा जास्त वेळ पेटलेली असते. आषाढीला माझे वडील सकाळपासून खात असतात आणि संध्याकाळी थकून म्हणतात, झेपत नाही आता उपवास.

“अक्का,” मी म्हणाले, “इथला उपवास म्हणजे काहीच खायचं नाही. फक्त पाणी, रस.”

“काहीच खायचं नाही म्हणजे तो उपवास कसला गे? ते उपाशी.”

“हो, तेच. उपाशी.”

मी हा शब्द उच्चारला आणि खोलीतली हवा बदलली. अक्कांनी लाडवाचा डबा बंद केला. त्याचं झाकण बसल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवणार तुम्ही? माझ्यासमोर बोलतीस? मी कुंकू लावून समोर बसलेय आणि तू ह्यांना उपाशी?”

“उपाशी म्हणजे तसं नाही अक्का, लंघन…”

“लंघन ताप आलेल्याला.” त्यांनी अण्णांच्या कपाळाला हात लावला. “गार आहे. कुठाय ताप?”

“बरं, उपवासच म्हणा, पण कडक.”

“कडक तर कडक. कुठल्या देवाचा?”

“अं?”

“कुठल्या देवाचा उपवास? एकादशी होऊन गेली. संकष्टी लांब आहे. वार कुठला धरलात?”

“देवाचा नाही हो. तब्येतीचा आहे.”

अक्का हसल्या. अण्णा हसले. शेजारच्या खाटेवर एक तेलुगू म्हातारी मधुमेहासाठी आलेली होती, तिला मराठीचा म सुद्धा कळत नव्हता, ती पण हसली. तब्येतीचा उपवास! जसं काही मी म्हणाले होते, ऑफिसची दिवाळी.

मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पेशंटला पटवून देणं हे डॉक्टरचं काम आहे. पटवून दे.” एवढंच. मी परत आले, चेहरा कडक केला, आणि वजन, गुडघे, हृदय, साखर असं सगळं एका दमात अण्णांना ऐकवलं. घाबरवायला एक-दोन अवयव मी माझ्याकडून घातले. अण्णांनी शांतपणे ऐकलं.

“सरी. मग मी उद्या घरी जातो,” ते म्हणाले. “उपवास चालेल मला. उपाशी नाही चालणार.”

झालं. पेशंट गेला की केस गेली, केस गेली की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की मी पुन्हा त्या खारट नारळाच्या झाडाखाली. वॉर्डात एक कोपरा आहे, तिथे पेशंटांसाठी लिंबू-मध-पाणी करतात. मी तिथे जाऊन लिंबं कापत बसले. रागानं नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं. मी फक्त कापत होते.

अक्का पिशवी आवरून निघाल्या होत्या. माझ्याजवळ थांबल्या. त्यांना माझी दया आली असावी, कारण माझ्या डोळ्यांखाली तेव्हा एवढी काळी वर्तुळं होती की नवीन पेशंट मला बघून स्वतःचा आजार सांगायचे विसरत.

“उद्या मला यायला उशीर होईल,” त्या म्हणाल्या. “मंगळवार. राहुकाळात बनशंकरी देवीला लिंबाचे दिवे लावायचे असतात. ह्यांच्यासाठीच लावते, मंगळवार आणि शुक्रवार.” मग माझ्या हातातलं लिंबू घेऊन दाखवायला लागल्या. “असं अर्धं करायचं, रस सगळा पिळून टाकायचा, साल अशी उलटी करायची की वाटी होते. त्यात तूप, वात.”

“रसाचं काय करता?”

“रसाचं काय करणार? टाकून देतो.”

इथे मला जे सुचलं ते मला सुचलं असं मी म्हणणार नाही. एवढ्या झोपेत माणसाला काही सुचत नाही, ते बाहेरूनच येत असणार.

“टाकता?” मी म्हणाले. “अक्का, अहो, टाकत नसतात! ज्याच्यासाठी दिवा लावायचा त्यानं तो रस प्यायचा असतो. नाहीतर दिवा अर्धाच पोचतो.”

“असं कुणी सांगितलं?”

“आमच्या निपाणीकडे असंच असतं.”

निपाणीचा फायदा असा की ती बेंगळुरूपासून इतकी लांब आहे की तिकडे खरंच काय असतं ते बघायला कुणी जात नाही. अक्कांनी पिशवी खाली ठेवली.

“मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत धरतात,” मी पुढे निघाले. आता थांबण्यात अर्थ नव्हता. “देवीचं व्रत. लिंबाचा रस, त्यात मध. शहाळ्याचं पाणी. कोहळ्याचा रस.”

“कोहळा देवीला चालतो,” अक्का मान हलवत म्हणाल्या.

“चालतोच. पण दात लावायचा नाही कशाला. चार दिवस दात लावायचा नाही.”

“शेंगदाणे?”

“शेंगदाण्याला दात लागतो.”

“सब्बक्की? ती गिळता येते गे.”

“आणि गिळताना चुकून लागला म्हणजे? दात लागला की व्रत परत. पहिल्या दिवसापासून.”

अक्कांनी श्वास आत घेतला. त्या क्षणी मला मॅडम आवडल्या, वाक्य त्यांचं होतं.

“आणि हे उपाशी नव्हे?” अक्कांनी एकदा खात्री करून घेतली.

“छे! उपाशी कसलं? व्रत.”

दुसऱ्या दिवसापासून माझं काम संपलं. अक्का मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात दिवे लावायच्या आणि बाकी सगळा वेळ अण्णांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांच्या जबड्याकडे बघायच्या. अण्णांनी जांभई दिली तरी विचारायच्या, काय चघळताय? बुधवारी अण्णांनी तेलुगू म्हातारीच्या ताटातल्या पपईच्या फोडीकडे हात नेला, तेव्हा अक्का ज्या ओरडल्या त्यापुढे मॅडमचा हुंकार म्हणजे अंगाईगीत. एक रुग्णवाहिका, जी आमच्याकडे येतच नव्हती, ती आत वळली. गुरुवारपर्यंत तेलुगू म्हातारीनं पण लिंबू धरायचा हट्ट धरला, तिला कुणी काय सांगितलं देव जाणे, मला मधुमेहाचे कागद दाखवून तिला थांबवावं लागलं. अण्णांची नाडी, रक्तदाब मी सकाळ-संध्याकाळ बघत होते. ते मात्र मला खरंच शिकवलेलं होतं, आणि ते सगळं ठीक होतं.

अण्णा हलके होत गेले. मी जड. गुरुवारी पहाटे पेशंटांना शवासन घालायची पाळी माझी होती. सगळे आडवे झाले. मी पण त्यांना दाखवायला आडवी झाले, “उजवा पाय सैल सोडा” म्हणाले, आणि उजवा पाय सैल सोडता सोडता बाकीचं सगळंच सोडलं. जाग आली तेव्हा कुणीतरी हळू आवाजात कन्नडमध्ये सांगत होतं, आता डावा हात सैल, आता खांदे, आता कपाळ, चांगलं चाललंय, डोळे उघडू नका. अण्णा. ते बसून, अगदी माझ्या सुरात, वर्ग घेत होते. दारावरून मॅडम आत न बघता गेल्या असणार, कारण नंतर त्या म्हणाल्या, आजचा आवाज चांगला खर्जात होता. सर्दी झालीय का?

बाहेर पडताना अण्णा म्हणाले, “तुला कुणीतरी उपचार करायला पाहिजे गे.”

“शनिवारनंतर,” मी म्हणाले.

“शनिवारी सुटतीस काय?”

“मॅडमनी सोडलं तर.”

“सोडतील की,” अण्णा म्हणाले. पोटाच्या घेरावर त्यांनी हात फिरवला. कमी झालेला त्यांनाही कळत होता, आणि त्यांना तो थोडा परका वाटत होता.

शनिवार आला. प्रेझेंटेशन दहाला. मी सकाळी अण्णांचं वजन घेतलं. काटा खाली आलेला होता, छान खाली आलेला होता. मी काट्याला नमस्कार केला. उपवास सोडायला अण्णांना पातळ फळांचा रस द्यायचा, मग दुपारी भाताची पेज, असं सगळं ठरलेलं. मी रस घेऊन खोलीत गेले.

खोलीत तुपाचा वास होता. खाटेवर रांगोळी होती. म्हणजे चादरीवर रांगोळीनं कमळ काढलेलं. त्यावर डबा. डब्यात पुरणपोळ्या, त्यांच्याकडे होळिगे म्हणतात, थाळीएवढ्या, एकमेकींना तुपानं चिकटलेल्या. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. चार दिवस कशाला दात न लावलेल्या माणसाची ती नजर मी वर्णन करणार नाही, ती खासगी होती.

“अक्का, हे काय?”

“उद्यापन,” अक्का म्हणाल्या. “काल शुक्रवार झाला. उद्यापन नको काय? उद्यापन केल्याशिवाय व्रत सोडलं तर सगळं फुकट.”

बरोबरच होतं. व्रत म्हटल्यावर उद्यापन आलंच, आणि उद्यापन म्हटल्यावर पुरण. चार दिवसांच्या रसावर एवढं पुरण पोटात गेलं असतं तर अण्णा प्रेझेंटेशनला उभे राहण्याऐवजी केस बनून आडवे झाले असते. हॉलमध्ये सीनिअर डॉक्टर आलेले होते, मला गाडीचं दार लागल्याचा आवाज आला होता.

“निपाणीकडे उद्यापनाला काय करतात?” अक्कांनी मोठ्या भक्तीनं विचारलं.

“निपाणीकडे,” मी म्हणाले, “ज्यानं व्रत केलं तो त्या दिवशी फक्त फळाचा रस घेतो. नैवेद्य कुमारिकेला जेवू घालतात.”

“आता कुमारिका कुठून आणू गे या वेळेला?”

मी हात वर केला.

अक्कांनी मला स्टुलावर बसवलं. पायांवर तांब्यानं पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, एप्रनच्या खिशात फूल खोवलं. आणि वाढायला लागल्या. कुमारिकेनं नको म्हणायचं नसतं हे निपाणीतही आहे, आणि ते खरं आहे. साडेपाच वर्षं मी हॉस्टेलचं अळणी, उकडलेलं, सात्त्विक अन्न खाल्लेलं होतं. पहिली पोळी मी कर्तव्य म्हणून खाल्ली. दुसरीला डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या मोजायच्या राहिल्या. अण्णा रसाचा पेला दोन्ही हातांत धरून माझ्या प्रत्येक घासाबरोबर एक एक घोट घेत होते, आणि माझं तोंड बंद झालं की त्यांचं होत होतं.

हॉलमध्ये मी केस मांडली. ढेकर दाबत मांडली. वय, तक्रार, तपासण्या, रसाहार, नाडीची, रक्तदाबाची रोजची नोंद, वजन आधी, वजन नंतर. सीनिअर डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवून ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “सुरुवातीला पेशंटनं नकार दिला होता असं दिसतं. मग तुम्ही त्यांचं मन कसं वळवलं?”

“समुपदेशनानं, सर,” मी म्हणाले.

“खोटं आहे,” अण्णा खुर्चीतून उठले. राग नव्हता त्यांना, उलट कौतुक होतं, आणि तेच घातक. “समुपदेशन केली तेव्हा मी घरी निघालो होतो. मग हिनं देवीचं व्रत सांगितली. निपाणीकडचं.” आणि अस्खलित कन्नडमध्ये त्यांनी अख्ख्या हॉलला सगळं सांगितलं. लिंबाच्या साली, राहुकाळ, दात, कोहळा, पहिल्या दिवसापासून. पुरणपोळी सुद्धा. किती पोळ्या तेही सांगितलं, मी मोजल्या नव्हत्या पण त्यांनी मोजल्या होत्या. ज्युनिअर बेंचवर डोकी ठेवून हसत होते. म्हातारे डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. हसण्यानं की कशानं ते कळलं नाही.

मॅडम उभ्या राहिल्या.

“पाच वर्षं!” त्या ओरडल्या. “पाच वर्षं मी हिला शरीरक्रियाशास्त्र शिकवलं! हे रुग्णालय आहे की देऊळ? उद्या हिचे पेशंट प्रदक्षिणा घालतील! माझ्या उपवासाच्या वॉर्डात पुरणपोळी! तुपाची! माझ्या वॉर्डात!” आणि मग तो हुंकार. या वेळी बस नव्हती, पण हॉलचा पंखा बंद पडला. वीज गेली असं नंतर सांगितलं गेलं.

सगळे गेल्यावर मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते. पोटात पुरण, पायांत शिसं, कपाळाला कुंकू. मॅडम हॉलमधून शेवटी बाहेर आल्या. माझ्यात घाबरायलाही जागा उरली नव्हती, म्हणून सरळ विचारलं.

“मॅडम, माझं पोस्टिंग परत करायचं, की पूर्ण?”

मॅडम थांबल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पूर्ण,” त्या म्हणाल्या. “हात धुऊन ये. तूप लागलंय.”